रॉस २ चं डॉक्युमेंटेशन: आठ महिने वापरल्यानंतर

गेले आठ महिने मी रॉस २ वर, म्हणजे रोबोचे प्रोग्रॅम लिहिण्यासाठीच्या सॉफ्टवेअर संचावर, काम करते आहे. हम्बल आवृत्ती, उबंटू २२.०४, दोन चाकांचा छोटा रोबो आणि त्यावर बसवलेला एक लायडार, म्हणजे लेझरने अंतर मोजणारा सेन्सर. सुरुवात केली तेव्हा पायथन बऱ्यापैकी येत होतं, सी++ जेमतेम, आणि रोबोटिक्सचा अनुभव काहीच नव्हता. रॉस २ चांगलं की वाईट यावर इथे लिहायचं नाही. लिहायचं आहे ते त्याच्या डॉक्युमेंटेशनबद्दल, कारण या आठ महिन्यांत कोड लिहिण्यापेक्षा जास्त वेळ माझा वाचण्यात गेला.

पहिला आठवडा फार छान गेला. इन्स्टॉलेशनचं पान नीट लिहिलेलं आहे. शेवटी ते दोन टर्मिनल उघडायला लावतं, एकात टॉकर (मेसेज पाठवणारा) आणि दुसऱ्यात लिसनर (तो घेणारा) चालवायला सांगतं, आणि काय दिसायला हवं तेही सांगून ठेवतं. एकीकडे ‘हॅलो वर्ल्ड: १’, दुसरीकडे ‘आय हर्ड’. ते दिसलं की इन्स्टॉलेशन जमलं हे कुणाला विचारावं लागत नाही. त्यानंतर टर्टलसिम, म्हणजे शिकण्यासाठीचा एक छोटा सिम्युलेटर. पडद्यावरच्या त्या कासवावर नोड (स्वतंत्र चालणारा छोटा प्रोग्रॅम), टॉपिक (मेसेज जाण्यायेण्याची नाव दिलेली वाट), सर्व्हिस, पॅरामीटर आणि ॲक्शन या पाचही कल्पना एकेक करून शिकवल्या आहेत, आणि एकही पायरी गाळलेली नाही. वर्कस्पेस (आपल्या कोडचं फोल्डर) बिल्ड केल्यावर नवीन टर्मिनल उघडा, बिल्ड केलेल्या टर्मिनलमध्येच पुढचं चालवू नका, ही सूचनासुद्धा तिथे आहे. ती वाचली नसती तर माझा एक दिवस नक्की गेला असता.

अडचण सुरू होते कासव संपल्यावर.

लायडार जोडला, ड्रायव्हर चालू केला आणि मोजमापं घेणारा एक लहानसा नोड लिहिला. ट्युटोरियलमध्ये होता तसाच सबस्क्रायबर (टॉपिकवरचे मेसेज घेणारा), क्यूची म्हणजे मेसेजच्या रांगेची लांबी १०. नोड सुरू व्हायचा आणि गप्प बसायचा. कॉलबॅकमध्ये, म्हणजे मेसेज आला की चालणाऱ्या फंक्शनमध्ये, प्रिंट टाकलं, तर ते एकदाही छापलं गेलं नाही. टॉपिकचं नाव तपासलं, बरोबर. मेसेजचा प्रकार तपासला, बरोबर. टॉपिकवरचे मेसेज छापणारी ‘रॉस२ टॉपिक एको’ ही आज्ञा चालवली तर आकड्यांचा पूर वाहायला लागला. म्हणजे डेटा येत होता, फक्त माझ्या नोडला मिळत नव्हता. केबल बदलून पाहिली, मशीन रीस्टार्ट केलं, डोमेन आयडीसुद्धा बदलून पाहिला. असे तीन दिवस गेले.

कारण होतं क्यूओएस (क्वालिटी ऑफ सर्व्हिस), म्हणजे मेसेज किती खात्रीने पोचवायचे वगैरे ठरवणारी सेटिंग. ड्रायव्हर डेटा पाठवत होता ‘बेस्ट एफर्ट’ पद्धतीने, म्हणजे एखादा मेसेज हरवला तरी चालेल अशा बोलीवर. सेन्सरसाठी ते योग्यच आहे. नुसती क्यूची लांबी दिली की सबस्क्रायबर मात्र ‘रिलायबल’ होतो, म्हणजे प्रत्येक मेसेज पोचलाच पाहिजे असा त्याचा आग्रह असतो. घेणारा मागतो त्यापेक्षा देणारा कमी हमी देत असेल, तर दोघांची जोडणीच होत नाही. हम्बलमधली ‘एको’ आज्ञा मात्र देणाऱ्याची पद्धत पाहून स्वतःची जुळवून घेते, म्हणून तिला सगळं दिसत होतं. माझ्या कोडमध्ये एकच ओळ बदलली, १० च्या जागी सेन्सर डेटाचा तयार प्रोफाइल दिला, आणि प्रिंट सुरू झालं.

हे डॉक्युमेंटेशनमध्ये नव्हतं का? होतं, आणि उत्तम लिहिलेलं होतं. ‘कन्सेप्ट्स’ विभागात क्यूओएसचं स्वतंत्र पान आहे. कोणती पद्धत कोणाशी जुळते याचा सरळ तक्ता त्यात आहे, आणि माझी जोडी त्यात ‘नाही’ म्हणून स्पष्ट नोंदलेली आहे. रॉस तर इशाराही देतं. नोड सुरू होताना ‘इनकम्पॅटिबल क्यूओएस’ अशी एक ओळ छापली जात होती, पण लॉन्च फाइलमधून सहा नोड एकदम सुरू केल्यावर ती वर सरकून गेली आणि माझी नजर तिच्यावर पडलीच नाही.

मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते इथे. डॉक्युमेंटेशन उत्तराच्या नावाने लावलेलं आहे आणि नवीन माणसाच्या हातात फक्त लक्षण असतं. मी शोधत होते ‘सबस्क्रायबर कॉलबॅक येत नाही’. क्यूओएस हा शब्द मला माहीत असता तर उत्तर दोन मिनिटांत मिळालं असतं, पण तो शब्द माहीत असता तर शोधायची वेळच आली नसती. सबस्क्रायबर शिकवणाऱ्या पानाच्या शेवटी दोन ओळी पुरेशा आहेत: एकोला दिसतं पण नोडला दिसत नाही, असं झालं तर ‘टॉपिक इन्फो’ला ‘व्हर्बोज’ जोडून दोन्हीकडचं क्यूओएस पाहा आणि मग अमुक पानावर जा. नवं काही लिहायला नको, आहे त्या पानापर्यंत वाट तेवढी दाखवायची.

टीएफचंही, म्हणजे रोबोचे भाग एकमेकांच्या तुलनेत कुठे आहेत ते सांगणाऱ्या लायब्ररीचंही, तेच. ‘एक्स्ट्रापोलेशन इनटू द फ्यूचर’ ही एरर पहिल्यांदा पाहिली तेव्हा काही अर्थबोध झाला नाही. ज्या क्षणाचा ट्रान्सफॉर्म (एक गोष्ट दुसरीच्या तुलनेत कुठे आहे ते) आपण मागतो तो बफरमध्ये अजून आलेलाच नाही, एवढंच तिचं म्हणणं असतं. टीएफ २ च्या ट्युटोरियलमध्ये वेळेबद्दलचा भाग आहे, तो शांतपणे वाचला की उलगडा होतो. त्यासोबत रेप १०५ (रॉसच्या संकेतांचा एक दस्तऐवज) जरूर वाचा. मॅप, ओडोम आणि बेस_लिंक या फ्रेम (जागा मोजायच्या संदर्भचौकटी) वेगळ्या का ठेवल्या आहेत, हे त्या छोट्या दस्तऐवजाइतकं स्वच्छ मला दुसरीकडे सापडलं नाही. कुणी तरी मला पहिल्याच महिन्यात तो वाचायला द्यायला हवा होता.

आवृत्त्यांचा गोंधळ हा दुसरा मोठा ताप. अधिकृत साइटवर प्रत्येक आवृत्तीची पानं वेगळी आहेत आणि आयुष्य संपलेल्या आवृत्तीच्या पानावर वरच तशी पट्टी दिसते, ही सोय फार मोलाची आहे. त्रास बाहेरच्या साहित्याचा. मी एक पैसे भरून घेतलेला व्हिडिओ कोर्स केला. शिकवणाऱ्यांची समजावण्याची हातोटी खरोखर चांगली होती, पण कोर्स कोणत्या आवृत्तीवर आहे हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यांच्या लॉन्च फाइलमध्ये ‘नोड_एक्झिक्युटेबल’ होतं. फॉक्सी या आधीच्या आवृत्तीमध्ये ते नाव बदलून नुसतं ‘एक्झिक्युटेबल’ झालं, आणि हम्बलमध्ये जुनं नाव चालतच नाही. त्यांच्याकडे चालतं आणि माझ्याकडे नाही, म्हणजे चूक माझीच, असं मी एक अख्खी संध्याकाळ धरून चालले. शिकवण्याचं साहित्य बनवणाऱ्या प्रत्येकाला माझी हात जोडून विनंती आहे: आवृत्तीचं नाव आणि तपासल्याची तारीख पहिल्याच ओळीत लिहा. रॉस १ ची शेवटची आवृत्ती नोएटिक मे २०२५ मध्ये संपली, तरी शोधताना त्या काळातली उत्तरं अजून समोर येतात आणि ती चुकीची आहेत हे नवख्याला कळण्याचा काहीच मार्ग नसतो.

नॅव्ह२ च्या (रोबोला आपली वाट आपण काढायला लावणाऱ्या पॅकेजच्या) डॉक्युमेंटेशनचं मात्र मनापासून कौतुक. त्यात पहिल्यांदा रोबो उभा करणाऱ्यांसाठी वेगळी मार्गदर्शिका आहे: आधी ट्रान्सफॉर्म, मग यूआरडीएफ (रोबोच्या रचनेचं वर्णन), ओडोमेट्री (रोबो किती सरकला याचा हिशोब), सेन्सर, शेवटी फूटप्रिंट (रोबोचा जमिनीवरचा आकार) आणि प्लगइन. प्रत्यक्ष काम ज्या क्रमाने करावं लागतं तोच क्रम पानांचा आहे. आमचा रोबो त्या मार्गदर्शिकेवरच उभा राहिला. कासव आणि खरा रोबो यांच्यामधला पूल कसा असावा, हे पाहायचं तर तिथे पाहावं. मोटरसारखं हार्डवेअर चालवण्यासाठीच्या रॉस२_कंट्रोलची क्रमांक दिलेली उदाहरणंही अशीच उपयोगी पडली.

तिसऱ्या महिन्यापासून मी एक साधी फाइल ठेवते. डावीकडे काय दिसलं, उजवीकडे का झालं. मराठीतच लिहिते, कारण अडलेल्या क्षणी मनात जे येतं ते मराठीतच येतं. फाइलमधल्या काही नोंदी पुढे पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) झाल्या. पहिली होती लायडारच्या ड्रायव्हरच्या रीडमीमध्ये क्यूओएसबद्दल तीन ओळी घालणारी. रॉस २ चं मुख्य डॉक्युमेंटेशनही गिटहबवरच आहे आणि त्यात सुधारणा सुचवायला सी++ यावं लागत नाही. पानं साध्या मजकुराच्या फाइलींमध्ये असतात. एका ओळीत एकच वाक्य लिहायचं असा त्यांचा नियम आहे. आधी तो मला विचित्र वाटला, पण बदल तपासणाऱ्याला नेमकं कोणतं वाक्य बदललं ते त्यामुळे लगेच दिसतं. बदल आधी रोलिंग या सतत पुढे जाणाऱ्या शाखेवर जातो आणि तिथून गरजेप्रमाणे जुन्या आवृत्त्यांकडे नेला जातो.

घाई करा, असं मी नव्याने शिकणाऱ्यांना सांगते. अडलेली गोष्ट कळली की आठवड्याभरात ती इतकी उघड वाटायला लागते की लिहावीशीच वाटत नाही. माझ्या फाइलमधल्या सुरुवातीच्या नोंदी आज वाचताना, यात अडण्यासारखं काय होतं, असं मलाच वाटतं.

गेल्या महिन्यात आमच्यात एक नवा मुलगा आला. त्याला मी पहिल्या ट्युटोरियलसमोर बसवलं आणि मी शेजारी वही घेऊन बसले. मदत करायची नाही, तो कुठे थांबतो तेवढं लिहायचं, असं दोघांचं ठरलं होतं. मला वाटलं होतं तो सोर्स करण्यापाशी, म्हणजे टर्मिनलला वर्कस्पेसची ओळख करून देण्यापाशी, अडेल. ते त्याने सहज केलं. तो थांबला वर्कस्पेसच्या पानावर, ‘ओव्हरले’ (वरचं आपलं वर्कस्पेस) आणि ‘अंडरले’ (त्याखालचं मूळ इन्स्टॉलेशन) या शब्दांपाशी. तीनदा वाचलं, वर गेला, परत खाली आला. आठ महिन्यांत मी ते पान निदान वीस वेळा उघडलं असेल, आणि ते शब्द कुणाला अडतील हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. त्याच दिवशी फाइलमध्ये नवी नोंद झाली. डावीकडचे शब्द त्याचे आहेत, उजवीकडचं सध्या आम्ही दोघं मिळून लिहितो आहोत.