इंजिन कव्हरवरील ओरखड्यांसाठी दोन घटकांचा क्लिअर स्प्रे : घ्यावा का?

रॉयल एनफील्डची इंटरसेप्टर ६५० भारतात २०१८ मध्ये आली, तेव्हा तिच्या रुपेरी इंजिनाचे पुष्कळ कौतुक झाले. ॲल्युमिनियमच्या त्या कव्हरांची झळाळी पारदर्शक लॅकरच्या एका पातळ थराने राखलेली असते, हे मात्र बहुतेकांना पहिला ओरखडा पडल्यावरच कळते. उजवीकडच्या क्लच कव्हरवर बुटाची कड रोज घासते, लॅकर खरवडला जातो, आणि त्या फटीतून पावसाचे पाणी आत शिरले की थराखाली पांढरट, अळीसारख्या नागमोडी रेषा पसरू लागतात. हा गंज लॅकरच्या खाली असल्यामुळे वरून कितीही पॉलिश घासले तरी तो हलत नाही. जुना थर पूर्ण काढून नवा देणे हाच त्यावर इलाज आहे. त्यासाठी माझ्या गाडीच्या दोन्ही बाजूंच्या कव्हरांवर मी हार्डनरसह, म्हणजे थर कडक करणाऱ्या रसायनासह, मिळणारा दोन घटकांचा क्लिअर (पारदर्शक लॅकरचा) स्प्रे वापरला.

या कॅनच्या आत हार्डनरची वेगळी छोटी कुपी असते. तळाची कळ दाबली की ती फुटते, आणि कॅन नीट हलवल्यावर दोन्ही द्रव एकत्र होऊन रासायनिक क्रिया सुरू होते. साधा ॲक्रिलिक क्लिअर केवळ थिनर उडून सुकतो, त्यामुळे त्यावर पेट्रोलचे चार थेंब सांडले तरी तो मऊ पडतो. हा थर मात्र पूर्ण पक्का झाल्यावर पेट्रोल आणि इंजिन ऑइल दोन्ही सहन करतो. शहरातल्या गर्दीत कव्हर जितके तापते तितकी उष्णता त्याला सोसते, परंतु सिलिंडरच्या पंखांवर (इंजिन थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पट्ट्यांवर) किंवा सायलेन्सरच्या नळीवर तो मारू नये. ते काम वेगळ्या, उष्णतारोधक रंगाचे आहे.

खरी परीक्षा फवारण्याच्या आधीच्या तयारीची आहे, आणि कॅनवरच्या सूचना नेमक्या इथेच अपुऱ्या वाटतात. कव्हरवर लॅकर शिल्लक आहे की नाही, हे एखाद्या झाकल्या कोपऱ्यावर मेटल पॉलिश घासून समजते : फडके काळे पडले तर धातू उघडा आहे, स्वच्छ राहिले तर थर शाबूत आहे. तो काढण्यासाठी पेंट रिमूव्हर वापरावा. कॉस्टिक सोड्याचा घरगुती उपाय अजिबात करू नये, कारण तो ॲल्युमिनियमलाच खातो. त्यानंतर ४००, ६०० आणि ८०० नंबरचा वॉटर पेपर (ओला घासायचा सँडपेपर) पाण्यासह, एकाच दिशेने फिरवावा. अनेक जण पुढे बफिंग करून आरसा काढतात आणि त्यावर क्लिअर मारतात. माझ्या मते घोळ होतो तो इथेच. आरशासारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर लॅकरला पकड मिळत नाही, शिवाय बफिंगच्या साबणातले मेण सूक्ष्म छिद्रांत राहते, आणि काही महिन्यांत पोपडे निघू लागतात. म्हणून ८०० नंबरवर थांबून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, नंतर उघड्या हाताचा स्पर्शही न होऊ देता फवारणे हा मार्ग मला अधिक पटतो. त्यात थोडी चमक गमवावी लागते, पण थर टिकतो.

कव्हर उतरवून काम केले तर कडा स्वच्छ येतात, मात्र ऑइल काढणे आणि नवे गॅस्केट (जोडातून तेल गळू न देणारी पातळ पट्टी) बसवणे ओघाने येतेच. मास्किंग टेप लावून जागेवरही काम होते. पहिला हात अगदी विरळ आणि नंतरचे दोन ओलसर दिले, की फवारा समान बसतो. कॅन संपत आला की मात्र नोझल थेंब उडवू लागते, तेव्हा शेवटचा थर त्यावर अवलंबून ठेवू नये. दमट हवेत हार्डनर बाष्पाशी क्रिया करतो आणि थरात बुडबुडे येतात, म्हणून कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी पावसाळा सरेपर्यंत थांबलेले बरे. हार्डनरमधील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असते आणि साधा कापडी मास्क ते अडवत नाही. रासायनिक वाफ रोखणारा फिल्टर मास्क, चष्मा, हातमोजे आणि मोकळी जागा यांपैकी एक जरी गोष्ट नसेल तर हे काम गाड्या रंगवणाऱ्या कारागिराकडे सोपवावे.

निकाल चांगला आहे, निर्दोष नाही. हातभर अंतरावरून कव्हर कंपनीतून आल्यासारखे दिसते. जवळून पाहिल्यास पेपरच्या बारीक रेषा मूळ झळाळीपेक्षा ठळक जाणवतात आणि थराला संत्र्याच्या सालीसारखा किंचित पोत येतो. फक्त ओरखड्यापुरता ठिगळ लावण्यासाठी हा कॅन घेऊ नये. नव्या-जुन्या थराची सीमारेषा उन्हात स्पष्ट दिसते, आणि एकदा कळ दाबली की उरलेला माल थोड्याच काळात कॅनमध्येच घट्ट होऊन वाया जातो. साध्या क्लिअरपेक्षा किंमत बरीच जास्त असल्याने दोन्ही कव्हरे एकाच वेळी करणेच परवडते.

ज्यांना आरशाचीच हौस आहे, त्यांनी लॅकर काढून कव्हर उघडेच ठेवावे आणि ऑटोसोलसारख्या मेटल पॉलिशने ते नियमित घासावे. दर पावसाळ्यात मेहनत वाढेल, पण पोपड्यांची कटकट राहणार नाही. रोज गाडी चालवून महिन्यातून एकदाच धुणाऱ्यांसाठी स्प्रे योग्य आहे. विकत घेताना कॅनवरची उत्पादनाची तारीख आवर्जून पाहावी, कारण दुकानात फार दिवस पडून राहिलेल्या कॅनमधला हार्डनर खराब झालेला असू शकतो आणि ते बाहेरून ओळखता येत नाही.