वेंगुर्ल्यातल्या आजींचा स्वाहिली क्लास: साडेचार स्टार, आणि अर्धा का कापला ते पण सांगतो

आधीच सांगतो, हा क्लास शोधून सापडणार नाही. बोर्ड नाही, नाव नाही, पावती तर विचारूच नका. वेंगुर्ल्यात बंदराकडच्या बाजूला एक जुनं कौलारू घर, पुढे खळं, खळ्यात काहीतरी सुकत घातलेलं (मी होतो तेव्हा आमसुलं) आणि पडवीत ७८ वर्षांच्या आजी. एका वेळी एकच विद्यार्थी घेतात. आत्तापर्यंत किती झाले विचारलं तर बोटं मोजायला लागल्या आणि मध्येच चहा ठेवायला उठल्या, त्यामुळे आकडा काही कळला नाही.

मी ब्रदर आहे, म्हणजे फादर नाही, अजून व्हायचोय, लोकांचा गोंधळ होतो म्हणून लिहिलं. सावंतवाडीकडचा. आमच्या संस्थेने मला पूर्व आफ्रिकेत, टांझानियात पाठवायचं ठरवलं, व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला. स्वाहिली ही तिकडची भाषा. तिकडे गेल्यावर नीट कोर्स होणारच आहे, पण आमचे वरिष्ठ म्हणाले की विमानातून उतरताना निदान पाणी मागता आलं पाहिजे. त्याआधी मी चार महिने एक ऑनलाइन क्लास केला होता, नाव घेत नाही, पैसे गेले ते गेले. त्यात मला 'हत्ती सफरचंद खातो' टाइपची वाक्यं छान यायला लागली होती. निघायला तीन आठवडे उरले तेव्हा आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी या आजींचं सांगितलं.

आजींची स्वाहिली पुस्तकातली नाही. १९६७ ला लग्न करून टांगाला गेल्या, मिस्टर तिकडे बंदराच्या ऑफिसात क्लार्क. टांगा म्हणजे टांझानियातलंच, हिंदी महासागरावरचं बंदर, तेव्हा सिसल तिथून जगभर जायचं, सिसल म्हणजे दोरखंड करतात तो घायपातासारखा प्रकार. आजी म्हणतात पहिले सहा महिने तोंड उघडलं नाही, मग शेजारणीबरोबर नारळ किसता किसता भाषा आली. १९८५ ला परत आल्या, तिकडे न्येरेरेंनी राष्ट्राध्यक्षपद सोडलं तेच वर्ष. न्येरेरेंना लोक म्वालिमु म्हणायचे, म्हणजे मास्तर, गुरुजी. मी पण आजींना म्वालिमु म्हणायला लागलो तर म्हणाल्या, "माका आजीच म्हण, त्येंची बरोबरी नको."

आता पहिल्या दिवसाचा घोळ. फोनवर त्यांनी सांगितलं 'सा म्बिली' ला ये. म्बिली म्हणजे दोन, एवढं मला येत होतं, म्हणून मी दुपारी दोनला भर उन्हात पोचलो, घामाघूम. आजी जेवून आडव्या झालेल्या. "सकाळपासून वाट बघतंय मी, आता इलस?" तर झालं असं की स्वाहिलीत दिवसाचे तास उजाडल्यापासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे पहिला तास, म्हणून सा म्बिली म्हणजे सकाळचे आठ. घड्याळात सहा तास वजा करायचे. चार महिने पैसे भरून केलेल्या क्लासात हे मला कोणी सांगितलं नव्हतं! आणि आजींनी पण मुद्दामच सांगितलं नसणार, कारण हसत होत्या.

शिकवण्याची पद्धत सांगायची तर पद्धत अशी नाहीच, तुम्ही घरात जे काही कराल ते स्वाहिलीत करायचं. गेटपाशी उभं राहून आधी ओरडायचं 'होडी!' मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मान वळवून समुद्राकडे बघितलं. होडी म्हणजे आपलं 'आसात काय घरात?' आणि आतून 'कारिबू' आलं की मगच पाय टाकायचा. मग मोठ्या माणसाला 'शिकामू' म्हणायचं, अर्थ जवळपास पाया पडतो असाच, त्यावर मोठ्या माणसाने 'माराहाबा' म्हणायचं. हे रोज. एक दिवस मी विसरून थेट वही उघडली तर आजींनी वही बंद केली आणि मला गेटवर परत पाठवलं. २५ वर्षांचा माणूस, गेटवर उभा राहून होडी होडी करतोय, शेजारचे बघतायत.

स्वयंपाकघरात मात्र मजा आहे, कोकणातल्या माणसाला ही भाषा परकी वाटतच नाही. शेतात उभं असतं ते म्पुंगा, सडून तांदूळ झाला की म्चेले, शिजला की वाली. ऑनलाइनवाल्यांनी तिन्हीला राइस सांगून विषय संपवलेला. नारळ नाझी, शहाळं दाफू. आणि नारळ खवायची बसायची खवणी असते ना, तिला म्हणतात म्बुझी, म्हणजे बकरी! आजींनी मला त्या बकरीवर बसवून दोन नारळ खवायला लावले आणि प्रत्येक मुठीला एक क्रियापद. बोट कापलं. 'पोले' म्हणाल्या.

हा पोले शब्द मला वाटतं मी अजून पूर्ण शिकलेलो नाही. आपण सॉरी म्हणतो ते आपली चूक असली की. पोले दुसऱ्याला लागलं, दुसऱ्याचं कोणी गेलं, दुसरा नुसता दमून आला तरी म्हणायचं, तुमचा त्यात काही संबंध नसला तरी. मी मराठीत याला शब्द शोधत बसलो, 'अरेरे' च्या जवळ जातो पण अरेरे आपण थोडं लांबून म्हणतो.

मासळी बाजारात पण घेऊन गेल्या एकदा. सामाकी म्हणजे मासे. कांबा म्हणजे कोळंबी आणि कांबा म्हणजे दोरी पण. पापा म्हणजे मोरी, तो शार्कमासा, आणि आमचे रोममधले पोप पण पापाच, यावर आजी इतक्या हसल्या की मासेवालीने विचारलं काय झाला गो. तिला काय सांगणार. मी जातोय तिकडे सरोवरातली बारीक मासळी सुकवून खातात, दागा म्हणतात, आजी म्हणाल्या सुक्या बाजाराचा वास येईल तिथे समज आपल्या माणसांत इलस.

उच्चारावर फार कडक. म् ने सुरू होणारे शब्द, म्तोतो म्हणजे मूल, मी म्हणायचो मुतोतो, आणि मराठी माणसासमोर मुतोतो म्हटल्यावर काय होतं ते सांगायला नको. "तोंड मीट आणि मगे म्हण." गाय म्हणजे ङोंबे. शाळेत क ख ग घ ङ म्हणताना तो शेवटचा ङ कशासाठी ठेवलाय हे मला कधीच कळलं नव्हतं, वाङ्मय सोडलं तर कुठे भेटत नाही, तो ह्या गायीसाठी राखून ठेवला होता बहुतेक.

व्याकरण त्या शिकवत नाहीत असं त्यांचं म्हणणं, पण शिकवतात. किताबु म्हणजे पुस्तक, अनेक झाली की विताबु. मूळ अरबी किताब, त्यातला कि यांनी आपला समजून घेतला आणि विताबु करून टाकलं. माझं एक पुस्तक हरवलं म्हणजे 'किताबु चांगु किमोजा किमेपोतेआ', दोन हरवली की 'विताबु व्यांगु विविली विमेपोतेआ'. मी घाबरलो. तर म्हणाल्या, "आपल्या शब्दांची शेपटी बदलता, त्येंची डोकी बदलतत, इतक्याच." हे एक वाक्य माझ्या चार महिन्यांपेक्षा भारी होतं.

आता शेवटचे चार दिवस, ज्यासाठी खरं तर हे लिहायला बसलोय.

मी एक छोटं प्रवचन लिहून नेलं होतं, दहा-बारा ओळी, पहिल्या रविवारी उभं केलं तर पंचाईत नको म्हणून. आजी हिंदू, रोज देवासमोर दिवा लावणाऱ्या, त्यांना चालेल का अशी मला धाकधूक होती. त्यांनी चष्मा लावला, वाचलं आणि पेन्सिलने सगळ्या 'निन्यी' वर काट मारली. निन्यी म्हणजे तुम्ही. तुम्ही हे करा, तुम्ही ते ऐका, तुम्हाला हे माहीत नाही. माझ्या बारा ओळींत नऊ वेळा होता, मला स्वतःला कळलं पण नव्हतं. त्या जागी 'सिसी' लिहिलं. मी म्हटलं सिसी म्हणजे आम्ही की आपण? कारण मराठीत ते वेगळं आहे ना, आम्ही म्हटलं की समोरचा बाहेर, आपण म्हटलं की आत. आजी म्हणाल्या स्वाहिलीत दोन्हीला सिसीच, फरक शब्दात नाहीच. "मगे कळतला कसा?" मी मालवणीत विचारलं. "तू कसो वागतस त्येच्यावरून ते ठरवतले, आम्ही काय आपण."

मग चहा देता देता, अगदी सहज, विचारलं, "थंयच्या लोकांका तुझ्याआधी देव म्हायत नाय होतो काय रे?" सेमिनरीत, म्हणजे फादर व्हायचं शिक्षण घेतो तिथे, या प्रश्नाची उत्तरं आम्ही पानंच्या पानं लिहिलीयत. मी सुरुवात केली तर म्हणाल्या स्वाहिलीत सांग. स्वाहिलीत मला येईना. मराठीत सांगायला लागलो तर तेही नीट येईना, म्हणजे शब्द होते सगळे पण त्या पडवीत बसून ते सगळे पाठ केलेले वाटायला लागले. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, बशीत चहा ओतून दिला. त्या रात्री पॅरिशवर मी बराच वेळ जागा होतो, लाइट पण गेलेली.

आमच्याकडे उलट दिशेने आलेली माणसं आपल्याला माहीत असतात. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून १५७९ ला गोव्यात आले आणि पुढे मराठीत ओव्या लिहिण्यापर्यंत गेले, हजारो ओव्या. बाणकोटला १८२३ पासून स्कॉटिश मिशनरी होते. त्यांच्याबद्दल वाचताना मी नेहमी छापलेली पुस्तकंच डोळ्यासमोर आणायचो. त्यांना कुठल्या तरी ओटीवर कोणीतरी बसवून 'ळ' म्हण बघू, असा नाय, परत म्हण, करत छळलं असणार हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. हरकत नाही, आता आलं.

शेवटच्या आदल्या दिवशी परीक्षा. म्हणजे आजी म्हणाल्या परीक्षा, प्रत्यक्षात मला त्यांच्या शेजारणीच्या आजारी सासूकडे बसवलं आणि सांगितलं तासभर हिला तुझ्या घराबद्दल सांग, स्वाहिलीत. त्या बिचाऱ्या म्हातारीला काय कळणार? मी आईबद्दल, आमच्या काजूच्या बागेबद्दल, बाबा गेले त्या पावसाळ्याबद्दल सांगत राहिलो, अडखळत, काळ चुकवत. बाबांचं आलं तेव्हा म्हातारीने माझा हात धरला. शब्द एक कळला नसणार तिला. आजी दारात उभ्या होत्या, त्यांनी मार्क सांगितले नाहीत, नंतर फक्त म्हणाल्या की भूतकाळाचा 'लि' खातोस, तेवढा खाऊ नको.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक लिहिलं तर कोणाला खरं वाटत नाही.

एक तर ही किनाऱ्यावरची आणि चाळीस वर्षं जुनी स्वाहिली आहे. मोबाइलचा डेटा पॅक, बँकेचं काम, एम-पेसा (मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय, यातला पेसा म्हणजे आपला पैसाच, २००७ ला केनियात सुरू झालं, टांझानियात पण चालतं) हे शब्द आजींकडे मिळणार नाहीत. दुसरं, मी जातोय तिकडे घरात बरेच लोक सुकुमा बोलतात, टांझानियातला सगळ्यात मोठा समाज त्यांचाच, म्हणजे स्वाहिली शिकून झाल्यावर परत पहिलीत बसायचंय. हे आजींच्या हातातलं नाही पण तुम्ही कुठे जाताय ते बघून या. दुपारी जेवणानंतर त्या झोपतात, आणि त्या झोपण्याचे तासही फीत धरतात, हे मला शेवटी हिशोब करताना कळलं! विचारलं तर म्हणाल्या, "मी निजलंय तरी तू वाचीत होतस मा?" वाचत होतो, खरंय. अर्धा स्टार त्याचा कापलाय. लिहायला काही देत नाहीत, सर्टिफिकेट नाही, व्हिसावाल्यांना दाखवायला कागद हवा असेल तर उपयोग शून्य. आणि मांजर वहीवर बसतं.

फी तासाला ३०० रुपये, दुपारचं जेवण त्यात धरलेलं, म्हणजे बांगड्याची कढी आणि भात जेवून वर व्याकरण, या भावात कुठे मिळतं सांगा. सोमवारी शाकाहारी.

मी परवा निघतोय. आजींनी शेवटच्या दोन दिवसांचे पैसे घेतले नाहीत, त्याऐवजी सांगितलंय की पोचल्यावर नातवाच्या फोनवर व्हॉइस मेसेज टाक, आणि मराठीत टाकलास तर ऐकणार नाय. मी कालपासून चार वेळा रेकॉर्ड करून बघितला, चारही वेळा 'लि' खाल्ला.

जाणार असाल तर पावसाआधी जा, जून लागला की त्या कोणाला घेत नाहीत, घर गळतं. पैसे रोख, सुट्टे न्या. आणि फोनवर वेळ सांगतील तेव्हा कुठल्या घड्याळाची ते आधी विचारून घ्या.