राजकारण कुठे समजून घ्यावं: वृत्तपत्र, वाहिनी की यूट्यूब?

राजकीय बातम्यांसाठी दिवसातला अर्धाच तास असेल, तर तो कुठे खर्च करावा? निःपक्ष कोण, हा वाद मी बाजूला ठेवतो. त्याचं उत्तर ज्याच्या त्याच्या पक्षावर ठरतं. मी दोनच गोष्टी पाहतो. निर्णय नेमका काय झाला हे कळतं का? आणि बातमी चुकली, तर चुकल्याचं कोणी सांगतं का?

वाहिन्यांचं बलस्थान म्हणजे थेट प्रक्षेपण. सभागृहातलं भाषण, पत्रकार परिषद, शपथविधी हे सगळं मध्ये कोणी न बोलता पाहता येतं. भाषण संपून स्टुडिओ सुरू झाला की टीव्ही बंद करायला हरकत नाही. नव्या विधेयकावर तासभर खडाजंगी होते, कोणाला दणका आणि कोणाची कोंडी हे ठरतं, पण त्यातलं एखादं कलम वाचून दाखवायची तसदी क्वचितच कोणी घेतं. शर्यतीचं धावतं समालोचन करावं तसं राजकारण सांगितलं जातं.

त्यात घाई. 7 नोव्हेंबर 2000 ला, अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या रात्री, अमेरिकी वाहिन्यांनी फ्लोरिडा राज्य आधी अल गोर यांच्या खात्यात टाकलं, मग काढून घेतलं; पहाटे जॉर्ज बुश यांना दिलं आणि तेही मागे घेतलं. अंतिम फरक निघाला 537 मतांचा! आपल्याकडे 1 जून 2024 च्या संध्याकाळी बहुतेक एक्झिट पोल एनडीएला 350 च्या पुढे नेत होते. 4 जूनला आकडा आला 293. अंदाज चुकतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या जागी चर्चा शेतीमालाच्या भावावर किंवा रोजगारावर व्हायला हवी होती, ती जागा हे आकडे खाऊन टाकतात.

वृत्तपत्रं धुतल्या तांदळासारखी नाहीत. ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ अशी सुरू होणारी बातमी पुष्कळदा कोणीतरी हेतुपुरस्सर सोडलेली पुडी असते. ती सोडण्यात कोणाचा फायदा, हे मात्र बातमीत नसतं. इराककडे महासंहारक अस्त्रं असल्याच्या बातम्यांत न्यू यॉर्क टाइम्ससारखं दैनिक अशाच सूत्रांवर विसंबलं. 26 मे 2004 रोजी संपादकांनी ते कबूल केलं, तेही आतल्या दहाव्या पानावर. मूळ बातम्यांपैकी काही पहिल्या पानावर झळकल्या होत्या. तरीही कबुली छापली गेली, तारखेनिशी शिल्लक राहिली आणि आज ती काढून दाखवता येते. माझ्या लेखी हा मोठा फरक आहे.

यूट्यूबवरचे एकट्याने चॅनल चालवणारे पत्रकार वेळ देतात. न्यायालयाचा निकाल किंवा अर्थसंकल्पाचं पान पडद्यावर ठेवून ओळ न् ओळ उलगडतात, ते वाहिन्यांना जमत नाही. पण वर संपादक नाही. चुकलं तर शीर्षक गुपचूप बदलता येतं, व्हिडिओ उडवता येतो. शिवाय प्रेक्षक हाच पोशिंदा असल्यामुळे त्याला न आवडणारं बोलणं महागात पडतं. मालकाचा दबाव नसला तरी हा दबाव असतोच.

माझा कौल असा: रोजच्या अर्ध्या तासातली वीस मिनिटं वृत्तपत्राला. एकाच्या ऐवजी परस्परविरोधी धोरणाची दोन दैनिकं आलटून पालटून वाचलीत तर उत्तम. अग्रलेख नंतर, आधी आतल्या पानांवरचं कामकाजाचं वार्तांकन. उरलेला वेळ साठवून आठवड्यातून एकदा एखाद्या विषयावरचा लांब व्हिडिओ पाहा, पण मूळ कागद दाखवणाऱ्याचाच. राजकारणाशी नव्यानेच ओळख होत असेल, तर व्हिडिओपासून सुरुवात केली तरी चालेल. पार्श्वभूमी माहीत नसताना दैनिकातली बातमी मधूनच सुरू झाल्यासारखी वाटते. वाहिनी फक्त थेट प्रक्षेपणापुरती. मतमोजणीच्या दिवशी तीही नको; निवडणूक आयोगाचं संकेतस्थळ उघडा. तिथले आकडे वाहिन्यांच्या मागून येतात, पण ते मोजलेल्या मतांचे असतात.