नवीन ब्रेक, आठ महिने आणि चाकामागचा तो पत्रा

गेल्या आठवड्यात कऱ्हाडहून परतताना कुंभार्ली घाट उतरून पोफळीला चहासाठी थांबले. उतरल्या उतरल्या करपट वास आला. डाव्या पुढच्या चाकाजवळ हात नेला तर चुलीसमोर बसल्यासारखी धग, आणि उजवं चाक नुसतं कोमट. म्हणून ब्रेकबद्दलचा हा अनुभव, जो मी मार्चमध्ये अर्धा लिहून ठेवला होता, तो आता पुरा करतेय. मार्चचं माझं मत आणि आजचं मत एक नाही.

गाडी नऊ वर्षांची, पुढे डिस्क ब्रेक (डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती), मागे ड्रम. आठवड्यातून तीन दिवस गुहागर-चिपळूण, जाऊन-येऊन ९० किलोमीटर. जानेवारीत पुढच्या पॅडची, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या तुकड्यांची, इशाऱ्याची पट्टी चिरकायला लागली. पॅड ३ मिलिमीटरच्या खाली आले होते आणि डिस्कच्या कडेला बोटाला लागेल असा काठ तयार झाला होता. दोन्ही डिस्क आणि पॅड बदलले. सामान ५,२०० रुपये, मजुरी ८००.

गॅरेजमधून निघाले आणि दुसऱ्याच वळणावर आवाज सुरू झाला. खर्र... खर्र... खर्र... चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. वेग वाढला की आवाजही भरभर.

परत गेले. मेकॅनिकने माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याला सांगितलं, "नवीन आहेत, बसायला वेळ लागतो. पाचशे किलोमीटर चालवा." गाडी मी चालवते, पैसे मी दिले, आवाज मी ऐकला, उत्तर मात्र नवऱ्याला. याचा राग मला आजही आहे.

नवीन पॅड बसावे लागतात हे खरं आहे. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारायचा नाही, आणि मोकळ्या रस्त्यावर साठाच्या वेगावरून दहापर्यंत सावकाश उतरायचं, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा, मध्ये थंड व्हायला वेळ देत. शृंगारतळीच्या पुढे सकाळी सहाला रस्ता रिकामा असतो, तिथे मी हे सगळं नीट केलं. सातशे किलोमीटर झाले तरी खरखर तशीच. मग सांगण्यात आलं की पॅडच हलके आहेत, भारीतले घ्या. आणखी २,३०० रुपये गेले. फेब्रुवारीभर मी भेटेल त्याला सांगत होते की ते पहिले पॅड घेऊ नका. ते शब्द मी मागे घेते, कारण भारीतले पॅड बसवूनही आवाजात तसूभर फरक पडला नाही.

मार्चमध्ये चिपळूणच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेले. त्यांनी बॉनेट उघडलं नाही, चाक काढलं नाही. एवढंच विचारलं, "ताई, ब्रेक दाबला की आवाज वाढतो, का दाबला न दाबला सारखाच?"

दोन महिन्यांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि मलाही सुचला नव्हता. ते शेजारी बसले. म्हणाले, काचा खाली करा आणि त्या गडग्याला लागून वीसच्या वेगाने न्या. जांभ्याच्या भिंतीवर आपटून आवाज परत येतो, त्यामुळे कुठलं चाक बोलतंय ते स्पष्ट कळतं. ब्रेक हलकेच दाबला, सोडला, पुन्हा दाबला. आवाज सारखाच. डावीउजवीकडे स्टिअरिंग वळवलं, तरी सारखाच.

म्हणजे पॅडचा संबंधच नाही. पॅड किंवा डिस्क घासत असेल तर ब्रेक दाबल्यावर आवाज बदलतो. बेअरिंग गेलं असेल तर खर्र नाही, घूं असा घुमल्यासारखा आवाज येतो आणि वळणावर एका बाजूला भार गेला की तो वाढतो. डिस्कच्या मागे खडा अडकला तर एकदम कर्कश किंचाळी येते, आणि बरेचदा गाडी थोडी मागे घेतली की खडा पडतो. आमच्याकडे खडीचा रस्ता आणि लाल माती, त्यामुळे हे मी दोनदा अनुभवलंय. ब्रेकशी देणंघेणं नसलेली, फेऱ्याला एकदा येणारी खरखर म्हणजे डिस्कमागचा पातळ पत्रा.

चाक काढल्यावर त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिला. सगळा पत्रा गंजून तांबडा झालेला आणि खालच्या बाजूला नखाएवढा एकच पट्टा आरशासारखा चकचकीत. डिस्कची कड तिथे दोन महिने घासत होती. जुनी डिस्क खाऱ्या हवेने हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला, गंजून चिकटलेली असते, ती निघेना म्हणून हातोडे मारले असणार आणि तेव्हाच पत्रा वाकला असणार. मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर घालून तो जरासा मागे रेटला. चाक हाताने फिरवलं. आवाज नाही. घेतले ५० रुपये.

दुसऱ्या एका ठिकाणी मला हा पत्रा कापून टाकायचा सल्ला मिळाला होता. माझा ठाम विरोध आहे. चिखल आणि खडी डिस्कवर उडू नये म्हणून तो असतो, आणि कोकणात जिला त्याची गरज नाही अशी गाडी मी पाहिलेली नाही. नवीन टाकायचा तर माझ्या गाडीत हब उतरवावा लागतो, म्हणून मी गंज खरवडून त्याला रंग मारून घेतला. आपल्याकडे ब्रेकचं काम झालं की चाक चढवण्याआधी तो पत्रा समोर उभं राहून बघा, हातोडा पडला की नक्की बघा.

पावसाळ्यात पुन्हा सकाळी खरखर यायची तेव्हा मी घाबरले नाही. डिस्क ओतीव लोखंडाची, रात्रभराच्या ओलाव्याने तिच्यावर तांबूस थर येतो आणि तीन-चार ब्रेकमध्ये घासून जातो. जेटीवर फेरीबोटीच्या रांगेत खारं पाणी उडालं तर दुपारीसुद्धा येतो. इथवर मी खूश होते आणि लिहिणार होते की पत्रा सोडला तर काम उत्तम झालं.

पोफळीच्या त्या चहानंतर ते लिहिता येत नाही. त्याच मिस्त्रींनी डावा कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, उघडला. आतला पॅड ५ मिलिमीटर, बाहेरचा ८. उजवीकडे दोन्ही ८. डावीकडच्या ज्या पिनांवर कॅलिपर सरकतो त्यांतली एक हाताने हलेना, म्हणजे ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासत राहायचा. पिन बाहेर काढली तर तिच्यावरचं रबर फुगून लोण्यासारखं मऊ झालेलं. जानेवारीत तिथे बेअरिंगचं साधं ग्रीस भरलं होतं. ते खनिज तेलाचं, त्याने हे रबर फुगतं. तिथे सिलिकॉन ग्रीसच लागतं. ट्यूब फार महाग नाही. हे न पाहता माझ्याकडून पॅडचे पैसे दुसऱ्यांदा घेतले गेले, आणि साडेनऊ हजार किलोमीटर मी मुलांना बसवून त्याच ब्रेकवर घाट उतरत होते.

नवीन पिना आणि रबरं शनिवारी येतील. दोन्ही बाजूंना पॅड बदलायचे ठरलंय. नवे घेणार नाही. जानेवारीतले ते पहिले, ज्यांना मी नावं ठेवली, कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेत. काल मोजले, चारही साडेनऊ मिलिमीटर आहेत.