शेवभाजी की भरीत?

जळगावकडे जेवायला थांबलात की हा प्रश्न पडतोच. दोन्ही तिखट, पण तिखटाची जात वेगळी.

ढाब्यावरची शेवभाजी म्हणजे काळ्या मसाल्याचं तिखट. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, लसूण आणि वर बोटभर तर्री. पहिला घास सोपा जातो, तिसऱ्या-चौथ्याला कानशिलं तापतात. जाड तिखट शेव ताट वाढतानाच रश्श्यात पडायला हवी. आधीच टाकून ठेवली तर तिचा लगदा होतो. मी तर शेव वेगळी मागून घेतो. तिखट झेपत नसेल तर ‘तर्री कमी’ एवढं आधीच सांगा, कारण मिरचीचा जाळ तेलात उतरतो. म्हणूनच वरून पाणी पिऊन तो शमत नाही, ताक किंवा दही घ्या.

भरताचं तिखट हिरव्या मिरचीचं. लगेच जिभेला लागतं आणि लवकर उतरतं. हिरवी-पांढरी, कमी बियांची वांगी कापसाच्या काड्यांवर भाजून बडजीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचतात, त्यात मिरची-लसणाचा ठेचा, शेंगदाणे, कांद्याची पात. जळगावच्या या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गॅसवर भाजलेल्याला तो धुराचा वास नाही, हे खाल्ल्यावर कळतंच. सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी असेल तर दुसरं काही मागवू नका.

हिवाळ्यात माझं मत भरताला. एरवी, विशेषतः रात्री उशिरा, शेवभाजीच.