शेव्हरोलेच्या जुन्या सहा सिलिंडरला टी-५ गिअरबॉक्स: घ्यावा, पण टॅग वाचून

१९५५ ते १९५७ च्या सहा सिलिंडर शेव्हरोलेसाठी बोर्ग-वॉर्नरचा टी-५ हा पाच गिअरचा सगळ्यात सोयीचा बॉक्स आहे. मात्र कुठलाही टी-५ चालत नाही. मागच्या बाजूच्या बोल्टला १३५२ ने सुरू होणारा पत्र्याचा टॅग असतो, त्यावरच्या नंबरवरून आतले रेशो (इंजिनाच्या किती फेऱ्यांना बाहेरचा शाफ्ट एक फेरी घेतो ते प्रमाण) कळतात. तो नसेल तर आतले रेशो मोजल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

या गाड्यांच्या मूळ तीन गिअरच्या बॉक्सला पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर न खरडता पडावा म्हणून वेग जुळवणारी रिंग) नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गाडी पुरती थांबवल्याशिवाय पहिला पडत नाही. चोर्ला किंवा अनमोड घाटात दुसऱ्यात इंजिन ओरडतं आणि तिसऱ्यात दम तोडतं. टी-५ चे पुढचे पाचही गिअर सिंक्रोचे आहेत आणि घाटातली ती फट तिसऱ्या गिअरने भरून निघते. आमच्या मते गोव्यात या बदलाचा खरा फायदा इथे आहे, पाचव्या गिअरचा नंबर त्यानंतर.

आता रेशो. डिफरन्शियल ३.७० आणि टायर ६.७०-१५ धरले तर ताशी ८० किमीला मूळ टॉपमध्ये इंजिन सुमारे २३०० आरपीएमवर फिरतं. शेव्हरोलेच्याच कॅमॅरो व्ही-८ गाडीतल्या टी-५ च्या ०.६३ पाचव्यावर ते १४५० च्या आसपास येतं. आपल्या एनएच-६६ वर इतका लांब गिअर क्वचितच लागेल, आणि लावलाच तर इंजिन गुरगुरेल. शेव्हरोलेच्या एस-१० पिकअपमधल्या टी-५ च्या ४.०३, २.३७, १.४९, १.००, ०.८६ या संचात पाचवा सुमारे १९८० ला बसतो, तो इथे योग्य. त्याचा पहिला मात्र फारच आखूड आहे. मूळ पहिला २.९४ चा, त्यामुळे सपाट रस्त्यावर दुसऱ्यातच निघावंसं वाटतं. तरीही आमची पसंती एस-१० लाच. त्याची गिअर कांडी पुढे येते आणि सलग सीटला अडत नाही. बॉक्स घेताना केबलवर चालणाऱ्या स्पीडोमीटरचं मागचं हाउसिंग असलेलाच मागावा.

एस-१० चे चार बोल्ट जुन्या शेव्हरोलेच्या बेलहाउसिंगशी (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं, क्लचवरचं आवरण) जुळतात. फोर्डच्या टी-५ चे जुळत नाहीत, स्वस्त मिळाला तरी सोडून द्यावा. बेअरिंग रिटेनर (बॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवरचं झाकण) बेलहाउसिंगच्या भोकात सैल बसत असेल तर लेथवर रिंग करून घ्यावी. रिटेनरची अॅल्युमिनियमची नळी क्लच दाबणाऱ्या रिलीज बेअरिंगने झिजते, तिथे स्टीलचीच लावावी. इनपुट शाफ्ट १४ स्प्लाइनचा (शाफ्टवरच्या उभ्या खाचांचा) असेल तर जुनी क्लच प्लेट बसत नाही, तिचा हब बदलावा लागतो. पायलट बुश (इनपुट शाफ्टचं टोक क्रँकमध्ये टेकतं तो बुश) नवा, ब्राँझचा.

सगळ्यात जास्त बॉक्स कशाने जातात? बेलहाउसिंग मध्यावर नसल्याने. फ्लायव्हीलला डायल गेज लावून क्रँक हाताने फिरवा आणि बेलहाउसिंगच्या भोकाच्या कडेवर काटा बघा. पूर्ण फेरीत ०.२५ मिमीपेक्षा जास्त हलला तर डॉवेल (बेलहाउसिंग जागेवर धरणाऱ्या पिना) बदलून जुळवल्याशिवाय पुढे जाऊ नये. मिस्त्री बहुतेक वेळा हे सोडून देतात. मग पायलट बुश खाल्ला जातो, गिअर सुटतो, आणि दोष टी-५ ला मिळतो.

प्रोपेलर शाफ्टला २७ स्प्लाइनचा योक (बॉक्सच्या मागच्या शाफ्टवर सरकणारा जोड) लागतो. लांबीचं माप गाडी चाकांवर उभी असताना घ्यावं, योक पूर्ण आत ढकलून २० ते २५ मिमी मागे ओढलेला ठेवून. जॅकवर घेतलेलं माप चुकतं. कापल्यावर बॅलन्सिंग करायलाच हवं.

वर्ल्ड क्लास टी-५ (टी-५ ची नंतरची सुधारित आवृत्ती) मध्ये एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल, घालायचं, सुमारे २.६५ लिटर. जाड गिअर ऑइलने त्याच्या सिंक्रो रिंगांचं अस्तर खराब होतं आणि गिअर जड पडतो.

कांडीसाठी फ्लोअरला भोक पाडावं लागतं. ५० वर्षांवरच्या गाड्यांच्या व्हिंटेज नोंदणीच्या २०२१ च्या केंद्रीय नियमांत चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल नसावा अशी अट आहे. ती नोंदणी हवी असेल तर कटर हातात घेण्याआधी आरटीओत विचारून घ्यावं.

१९५४ पर्यंतच्या शेव्हरोलेचा प्रोपेलर शाफ्ट बंद टॉर्क ट्यूबमध्ये असतो. तिथे टी-५ साठी मागचा अॅक्सलही बदलावा लागतो आणि खर्च-मेहनत दुप्पट होते. त्या गाडीला मूळ बॉक्सच नीट दुरुस्त करून ठेवावा.