बेलमन व्हिजिट: ऐकू न येणाऱ्यांच्या घरातली वायरलेस सूचना यंत्रणा, बसवण्यापासून सेल बदलण्यापर्यंत

दाराची बेल, फोन, बाळाचं रडणं आणि धुराचा भोंगा. ज्याला ऐकू येत नाही त्याच्या घरात या चार गोष्टी डोळ्यांना दिसायला हव्यात किंवा अंगाला जाणवायला हव्यात. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या बेलमन अँड सिम्फॉन कंपनीची ‘व्हिजिट’ ही मालिका तेवढंच काम करते आणि ते नीट करते. आवाज होतो तिथे ट्रान्समीटर, माणूस असतो तिथे रिसिव्हर, आणि दोघांमध्ये ८६८ मेगाहर्ट्झची रेडिओ लहर. वाय-फाय नको, इंटरनेट नको, ॲपमध्ये खातं उघडणं नको. रिसिव्हरवर हिरवा दिवा म्हणजे दार, पिवळा म्हणजे फोन, नारिंगी म्हणजे बाळ आणि लाल म्हणजे आग. लहान मुलंही हे रंग चटकन शिकतात.

यंत्रणा घेण्याजोगी आहे. अडचण असते ती बहुतेक घरांत धरल्या जाणाऱ्या क्रमाची. आधी दाराचं बटण, मग फोन, आणि बेडरूमचं ‘नंतर बघू’. हा क्रम उलटा हवा. दारावर आलेला माणूस मेसेज करेल, नाहीतर उद्या येईल. धूर थांबत नाही. त्यामुळे बजेट तुटपुंजं असेल तर पहिल्या खरेदीत तीनच वस्तू घ्याव्यात: स्मोक अलार्म, उशाशी ठेवायचा रिसिव्हर आणि गादीखालचा शेकर, म्हणजे थरथरून उठवणारी डबी.

कारण असं की रात्री श्रवणयंत्र काढलेलं असतं, कॉक्लियर इम्प्लांट (कानात शस्त्रक्रियेने बसवलेलं यंत्र) असेल तर त्याचा बाहेरचा प्रोसेसर चार्जिंगला लावलेला असतो. दिवसा यंत्र लावून भोंगा वाजवायचा आणि ‘मला येतो ऐकू’ म्हणायचं, ही चाचणीच नव्हे. नेहमीच्या स्मोक अलार्मचा आवाज साधारण ३१०० हर्ट्झचा, म्हणजे चांगलाच तीव्र पट्टीतला असतो, आणि वयोमानानुसार ऐकू येणं कमी होतं तेव्हा हीच वरची पट्टी आधी जाते. ५२० हर्ट्झचा खालच्या पट्टीतला चौकोनी लहरीचा आवाज कमी ऐकू येणाऱ्या झोपलेल्या माणसाला जास्त खात्रीने उठवतो, हे चाचण्यांत दिसलं आहे. आगीच्या सूचना यंत्रणांसाठीच्या अमेरिकेच्या एनएफपीए ७२ या संहितेत झोपायच्या खोल्यांसाठी हीच पट्टी धरली आहे. अजिबात ऐकू येत नसेल तर दोन्ही पट्ट्या सारख्याच निरुपयोगी. नुसत्या फ्लॅशवरही विसंबू नये. कूस भिंतीकडे असली किंवा चादर डोक्यावर घेतली असली की झगझगीत दिवाही झोपलेल्याला उठवेलच असं नाही. उठवतो तो शेकर.

हा शेकर म्हणजे हाताच्या पंजात मावणारी चपटी डबी. आत एका बाजूला वजन असलेली मोटर फिरते. उशीखाली ठेवला तर सुरुवातीला छान जाणवतो, पण उशी रात्रीतून सरकते आणि पहाटे डबी पलंगाच्या कडेला लोंबकळत असते. गादीखाली, खांद्याच्या रेषेत, फळ्यांवर ठेवणं जास्त भरवशाचं. मात्र मेमरी फोमची जाड गादी थरथर पिऊन टाकते. अशा गादीवर डबी वरच्या बाजूला, चादरीखाली किंवा उशीच्या अभ्र्यात घालून पिन लावावी. वायर पलंगाच्या पायाखाली चेंगरू देऊ नका. खोली झाडताना जॅक अर्धवट निघतो, बाहेरून मात्र बसल्यासारखाच दिसतो. शेकर ‘बिघडला’ अशी शंका आली की सगळ्यात आधी जॅक काढून शेवटपर्यंत दाबून बसवावा. आणि दुसऱ्या कंपनीचा शेकर जॅक जुळला म्हणून लावायला जाऊ नये. काही शेकर २ ते ४ व्होल्टवर चालतात, काही १२ व्होल्टवर. कमी व्होल्टचा जास्तीवर लावला तर जळेल, उलट केलं तर जेमतेम गुरगुरेल.

बसवायचं सगळं काम टेबलावरच सुरू करावं. स्मोक अलार्म छतावर स्क्रूने बसवून मग त्याचं पेअरिंग (रिसिव्हरशी जोडी जमवणं) करायला शिडीवर चढणारे कमी नाहीत. सेल घाला, प्रत्येक वस्तूच्या पाठीवर मार्करने जागा लिहा (‘बाहेरचं दार’, ‘जिना’, ‘बेडरूम’). नव्या पिढीच्या व्हिजिटमध्ये रिसिव्हरचं बटण दाबून धरलं की हिरवा आणि पिवळा दिवा आळीपाळीने लुकलुकू लागतो. तेव्हा सोडायचं आणि ट्रान्समीटरचं टेस्ट बटण दाबायचं. दिवे हिरवे लुकलुकले की जोडी जमली. रेंगाळलात तर रिसिव्हर आपोआप नेहमीच्या स्थितीत जातो आणि पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. प्रत्येक रिसिव्हरला प्रत्येक ट्रान्समीटर दाखवावा आणि मग एकेकाचं टेस्ट बटण दाबून सगळ्या रिसिव्हरवर योग्य रंग येतो का ते पाहावं. जुन्या संचात पेअरिंग नव्हे, रेडिओ की (संचातल्या वस्तूंनी एकमेकांना ओळखायची सांकेतिक खूण) असते, आणि सगळ्या वस्तूंची की एकच ठेवावी लागते. शेजारच्या घरातही असाच संच असेल आणि की तीच असेल, तर त्यांच्या दाराचं बटण दाबल्यावर तुमच्याकडे हिरवा दिवा लागतो. दारात कोणी नसताना वारंवार हिरवा दिवा दिसू लागला तर भुताटकी न समजता की बदलावी. नवा आणि जुना संच मिसळून विकत घेऊ नये, निदान दोन्हींची मॅन्युअलं आधी वाचावी. आणि ८६८ चा पट्टा सगळ्या देशांत खुला नसतो. परदेशातून मागवण्याआधी आपल्याकडे तो चालतो का ते पाहा, कारण दुसऱ्या पट्ट्याचा ट्रान्समीटर या रिसिव्हरशी कधीच बोलणार नाही.

पल्ल्याचे खोक्यावरचे आकडे मोकळ्या मैदानातले असतात. घरात लोखंडी सळ्यांच्या काँक्रीट भिंती, फ्रिज, स्टीलचं कपाट, मोठा आरसा आणि लोखंडी सेफ्टी दरवाजा हे खरे शत्रू. रिसिव्हर कपाटावर ठेवायची सवय असते, ती मोडावी. लाकडी टेबलावर, भिंतीपासून थोडा सुटा, राउटरपासून मीटरभर दूर ठेवला की बरेचदा प्रश्न तिथेच मिटतो. दोघांनी मिळून तपासणं सोपं: एकाने दारातलं बटण दाबत राहायचं, दुसऱ्याने रिसिव्हर हातात घेऊन घरभर फिरायचं, बाथरूमसकट, आणि सगळी दारं लावून. उघड्या दारांनी पास झालेली चाचणी बंद दारांनी नापास होऊ शकते.

दाराचे दोन पर्याय आहेत. एक, स्वतंत्र बटण ट्रान्समीटर. दुसरा, डोअर ट्रान्समीटर. हा आहे त्याच बेलच्या शेजारी बसतो आणि आत असलेल्या माइकने बेल ऐकतो. भाड्याच्या घरात दुसरा सोयीचा, कारण वायरिंगला हात लावावा लागत नाही. पण माइक शेवटी माइकच. मिक्सर, टीव्हीवरची बेल, कुत्र्याचं भुंकणं यांनीही तो जागा होतो. बेलच्या अगदी जवळ चिकटवून संवेदनशीलता शक्य तेवढी कमी ठेवावी, आणि स्वयंपाकघर चालू असताना तपासावं. तरीही खोट्या सूचना थांबत नसतील तर बटण घ्यावं. खोट्या सूचना नुसत्या त्रासदायक नसतात, चार दिवसांत माणूस दिव्याकडे पाहणंच सोडून देतो.

बटणाचीही एक गोची आहे. बाहेरच्याला आतून काहीच आवाज येत नाही, म्हणून तो पुन्हा पुन्हा दाबतो, किंवा बेल बंद आहे समजून निघून जातो. बटणाखाली ‘बेल वाजत नाही, दिवा लागतो. एकदा दाबून थांबा’ अशी पट्टी लावली की हा प्रश्न जवळपास संपतो. पट्टी बटणावरच चिकटवू नका, दाबणाऱ्याच्या बोटाने ती झाकली जाते.

बाळाचा ट्रान्समीटर पाळण्याच्या आत ठेवू नये, वायर आणि छोटे भाग हाताला लागतात. मीटर-दोन मीटरवर, माइकचं तोंड बाळाकडे. पंख्याच्या झोताखाली मात्र नको.

स्मोक अलार्म छताच्या मध्याजवळ असावा, भिंतीपासून निदान ३० सेंमी आत, आणि छताच्या पंख्याच्या पात्यांपासून किमान मीटरभर दूर. वारा धुराला अलार्मपर्यंत पोचू देत नाही, हे लोकांच्या लक्षात येत नाही. स्वयंपाकघरात स्मोक अलार्म लावला की फोडणीने वाजतो, मग कोणीतरी सेल काढून ठेवतं आणि तो कायमचा निघालेलाच राहतो. तिथे उष्णतेवर चालणारा अलार्म हवा. झोपायच्या खोलीत एक आणि खोलीकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये एक, ही किमान मांडणी. स्मोक अलार्मचं आयुष्य साधारण १० वर्षं. पाठीवरची तारीख पाहून तो अख्खा बदलायचा असतो, नुसता सेल नव्हे.

फोनचा भाग या मालिकेत सगळ्यात कमी महत्त्वाचा राहिला आहे. लँडलाइनला ट्रान्समीटर समांतर जोडता येतो, पण कॉल मोबाइलवर येतात आणि मोबाइल मनगटावरच्या घड्याळालाही थरथरवतो. त्यासाठी वेगळा ट्रान्समीटर घ्यायची घाई नको.

‘मोबाइलच सगळं करतो की’ हा प्रश्न हमखास येतो. आयफोनमध्ये २०२० च्या आयओएस १४ पासून बेल, रडणं, स्मोक अलार्म ओळखायची सोय आहे, अँड्रॉइडवरही त्याच वर्षी तशी सोय आली. दिवसा, दारासाठी, जोडीला म्हणून उत्तम. पण ॲपल स्वतःच सांगतं की जिथे इजा होऊ शकते अशा प्रसंगी यावर विसंबू नये. फोन दुसऱ्या खोलीत असतो, बॅटरी वाचवणारी सेटिंग ॲप बंद करते, चार्जिंग संपतं. व्हिजिटच्या अलार्ममध्ये धूर लागला की तो स्वतःच रेडिओ सिग्नल सोडतो. मध्ये ‘आवाज ओळखणं’ हा टप्पाच नाही, आणि म्हणूनच आगीसाठी तो उजवा.

वीज गेल्यावर काय, हे खोकं वाचून ठरवू नये. संध्याकाळी रिसिव्हरचा ॲडाप्टर काढा, पाच मिनिटं थांबा आणि अलार्मचं टेस्ट बटण दाबून धरा. फ्लॅश लागतो का, शेकर हलतो का, पूर्वीइतक्याच जोराने हलतो का? आग बरेचदा वायरिंगमधूनच सुरू होते, तेव्हा दिवे गेलेले असतात. बॅकअपचे सेल वर्षानुवर्षं रिसिव्हरमध्ये पडून मेलेले आढळतात. मनगटावरचा किंवा पेजर रिसिव्हर रात्री चार्जरवर ठेवला की तो अंगावर नसतो, त्यामुळे शेकर त्या चार्जरला जोडलेला हवा. घरातल्या कोणाला फ्लॅशने फिट येण्याची शक्यता असेल तर एकाच खोलीत दोन फ्लॅश ठेवू नका. वेगवेगळ्या लयीत लागले तर डोळ्यांवर त्यांची एकत्रित लय वेगवान पडते. अशा घरात शेकरवरच भर द्यावा आणि डॉक्टरांना विचारावं.

सेलच्या बाबतीत काटकसर नडते. ट्रान्समीटरमध्ये रिचार्ज होणारे १.२ व्होल्टचे सेल घातले तर सुरुवातीपासूनच व्होल्ट कमी आणि ‘सेल संपत आले’ची खूण लवकर दिसते. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच प्रकारचे घ्यावेत, सगळे एकदमच बदलावेत, जुने-नवे मिसळू नयेत. संपत आलेल्या सेलची सूचना म्हणून स्मोक अलार्म टिकटिक करतो, आणि ती टिकटिक घरातल्या कर्णबधिर माणसाला कळत नाही. पाहुणेच सांगतात. म्हणून टिकटिकीची वाट न पाहता ठरलेल्या तारखेला सेल बदलावेत. महिन्यातून एकदा टेस्ट बटण दाबताना ज्याच्यासाठी यंत्रणा आहे तो झोपलेल्या स्थितीत, यंत्र काढून, डोळे मिटून पडलेला असावा आणि बटण दुसऱ्याने, न सांगता दाबावं. आधी सांगून दाबलं तर शेकर क्षीण झाला असला तरी ‘हो, कळलं’ असंच उत्तर येतं.